क्रूझ नेपल्सला एक दिवस थांबणार: पाँपेई, हर्क्युलेनियम की आणखी काही?

कोवळे_ऊन

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासरे. सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. सपाटीवर छान चालतात, पण ऊन आणि चढ आला की दम लागतो.

जहाज ग्रीसमधल्या पिरियसहून निघतं, तुर्कस्तानात कुशादासीला थांबतं आणि मग नेपल्सला येतं. नेपल्सला सकाळी ७ वाजता लागणार, संध्याकाळी साडेसहाला सुटणार. सगळ्या प्रवाशांनी ६ पर्यंत परत यायचं आहे.

मी आत्तापर्यंत कागदावर मांडलंय ते असं: सकाळी पाँपेई (व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर), तिथून बसने व्हेसुव्हियसचं विवर, दुपारी बोटीने काप्री बेट, परत येऊन शहरात पिझ्झा आणि जहाजावर. नवऱ्याच्या मते यातलं निम्मंही होणार नाही. सासऱ्यांचं म्हणणं, "मला पाँपेई दाखवा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा." लेकीला ज्वालामुखी बघायचाय.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावं, हाही प्रश्न आहेच. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुन्हा या भागात कधी जाणं होईल सांगता येत नाही, त्यामुळे दिवस चांगला जावा अशी फार इच्छा आहे.

डोलकाठी

सगळ्यात आधी ते अकरा तास बाजूला ठेवा, कारण ते तुमच्या हातात नाहीत. जहाज ७ ला धक्क्याला लागलं तरी बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. मग आधी जहाजाच्या सहलींचे गट सोडतात. स्वतंत्र जाणाऱ्यांचे पाय जमिनीला लागेपर्यंत आठ-सव्वाआठ धरा. शेवटची वेळ ६ असली तर मी स्वतःसाठी ५ लिहीन आणि त्या वेळी बंदराच्या फाटकाशी असेन. म्हणजे उरले पावणेनऊ तास. यात जाणं-येणं, रांगा, जेवण, स्वच्छतागृह, लेकीचं आइस्क्रीम हे सगळं आलं.

आता तुमची यादी. व्हेसुव्हियसचा माथा १,२८१ मीटर उंच आहे. बस वरच्या वाहनतळापर्यंत जाते, तिथून विवराच्या कडेपर्यंत साधारण अर्धा तास भुसभुशीत, खडीच्या वाटेने चढायचं असतं. सावली नाही. तिकीट ठरावीक वेळेचं आणि आधी ऑनलाइनच काढावं लागतं, वर खिडकीवर मिळत नाही. सासऱ्यांना हे नको.

काप्रीचं तर नावच काढू नका, निदान दुपारचं. वेगवान बोटीला एका बाजूला सुमारे पन्नास मिनिटं लागतात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि तुम्ही बेटावर असताना त्या रद्द झाल्या तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. प्रसिद्ध निळी गुहा तर थोड्या लाटा आल्या तरी बंद ठेवतात. बंदराच्या थांब्याचा माझा एकच पक्का नियम आहे: लांबचं आधी, जवळचं नंतर. दिवस सरत जाईल तसं तुम्ही जहाजाच्या जवळ येत राहिलं पाहिजे. तुमचा बेत याच्या बरोबर उलटा आहे, दुपारनंतर तुम्ही समुद्रापलीकडे असणार.

रेल्वेवेडा

डोलकाठी यांना शंभर टक्के अनुमोदन. प्रवासाचं मी सांगतो.

नेपल्सचं एक मोठं सुख म्हणजे जहाज थेट शहराच्या पोटात लागतं. रोमसाठी जहाज चिवितावेक्कियाला थांबतं, तिथून रोमला पोचायलाच तासाच्या वर जातो. इथे बंदराबाहेर पडलात की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला आणि त्याच्या शेजारी म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. (हे स्टेशन खोदताना जुन्या बंदराच्या गाळात रोमन काळातली जहाजं सापडली. सासऱ्यांना जाता जाता नक्की सांगा.)

तिथून मेट्रोची लाइन १ पकडायची आणि तिसऱ्या थांब्यावर, गारिबाल्दीला उतरायचं. त्याच इमारतीत खाली चिरकुमव्हेसुव्हियाना नावाची उपनगरी रेल्वे आहे. तुम्हाला सोरेंतोकडे जाणारी गाडी हवी. एर्कोलानो स्कावी म्हणजे हर्क्युलेनियम (त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं छोटं गाव), साधारण वीस मिनिटं. पाँपेईसाठी चाळीसेक मिनिटं धरा, आणि स्टेशनचं पूर्ण नाव लक्षात ठेवा: पाँपेई स्कावी, व्हिल्ला देई मिस्तेरी. याच रेल्वेच्या दुसऱ्या मार्गावर नुसतं पाँपेई नावाचंही स्टेशन आहे, ते आजच्या गावाचं. पोज्जोमारिनोकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर तिकडे पोचाल.

गाडी जुनी, गर्दीची आणि बऱ्याचदा वातानुकूलन नसलेली असते. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी. गारिबाल्दीला जागा मिळायची शक्यता कमीच, कारण गाडी एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. सासऱ्यांना बसायला हवंच असेल तर टॅक्सीने सरळ पोर्ता नोलानाला जा आणि तिथे रिकाम्या गाडीत बसा. टॅक्सीत बसण्याआधीच ठरलेल्या दराने जायचं आहे असं सांगायचं. नेपल्समध्ये ठरावीक मार्गांसाठी नगरपालिकेने दर बांधून दिलेले आहेत, पण ते सुरुवातीलाच मागावे लागतात, नाहीतर मीटर सुरू होतो.

तिठा

मी जरा वेगळं मत मांडतो. ज्येष्ठ माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर जहाजाची सहल घ्या. वातानुकूलित बस धक्क्यावरून उचलते, तिथेच आणून सोडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जहाजाच्याच सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी ते घेतात. स्वतः गेलात आणि चुकलात तर पुढचं बंदर गाठायचं ते तुमच्या खर्चाने. इटलीत रेल्वेचे संपही होतात. सुट्टीचा दिवस धाकधुकीत घालवण्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

अंजिरी

तिठा, तुमचा मुद्दा समजतो, पण ज्येष्ठांसाठी सहल सोयीची असते हे मला पटत नाही. बस सोयीची असते. उतरल्यावर चाळीस-पन्नास माणसांचा गट, छत्री किंवा फलक धरलेला वाटाड्या, आणि त्याचा वेग. पाँपेईच्या रस्त्यांवर मोठे, झिजलेले, खालीवर झालेले दगड आहेत. एखाद्याला दम लागला, पाच मिनिटं टेकावंसं वाटलं, तर गट पुढे निघून जातो. माझ्या आईबरोबर आम्ही अशा गटात होतो. तिचं सगळं लक्ष मागे राहू नये याकडे होतं, तिने भिंतींकडे नीट पाहिलंच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हा इतिहास शिकवला, त्याला एका खोलीत अर्धा तास थांबावंसं वाटेल. गटात ती मुभा नाही.

संपाची माहिती आधी कळते. इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाहीर झालेल्या संपांची यादी असते, संप असला तरी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेत किमान गाड्या सोडाव्या लागतात. आदल्या आठवड्यात यादी बघा. त्या दिवशी संप असेल तरच जहाजाची सहल किंवा गाडी-चालक ठरवा.

खापर_आणि_नाणी

धागा वाचून राहवलं नाही. प्रवासाचं वरच्या लोकांनी चोख सांगितलंय, मी फक्त कुठे जावं याबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

सगळे पाँपेई म्हणतात कारण नाव मोठं. आणि ते आहेच मोठं: तटबंदीच्या आतलं क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांश उकरलेलं. अख्खं शहर आहे. चौक, दोन नाट्यगृहं, अॅम्फिथिएटर, स्नानगृहं, बेकऱ्या, गल्ल्या. घाईत बघायचं म्हटलं तरी तीन तास, नीट बघायचं तर पाय थकेपर्यंत. सावली जवळजवळ नाही. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट नावावर असतं, ओळखपत्र जवळ लागतं.

हर्क्युलेनियम त्या मानाने चिमुकलं, उघडलेला भाग चार-साडेचार हेक्टरच. पण इसवी सन ७९ मध्ये त्याच्या वाट्याला जे आलं ते वेगळं होतं. पाँपेईवर आधी तासन् तास हलक्या दगडांचा वर्षाव झाला, त्या भाराने छपरं कोसळली. हर्क्युलेनियम डोंगराच्या पायथ्याशीच, पण वारा दुसरीकडे वाहत होता म्हणून सुरुवातीला तिथे फार थोडं पडलं. मग रात्री तप्त वायू आणि राखेचे लोंढे उतरले आणि गाव वीसेक मीटर खाली गाडलं गेलं. त्या उष्णतेने लाकूड जळून राख न होता त्याचा कोळसा झाला, आणि कोळसा टिकतो. म्हणून तिथे वरचे मजले उभे दिसतात, लाकडी तुळया, सरकती लाकडी पार्टिशनं, पलंगाची चौकट, दाराच्या चौकटी दिसतात. पाँपेईत शहराचा आराखडा समजतो, हर्क्युलेनियममध्ये घर समजतं.

प्राचीन किनारा जून २०२४ पासून पुन्हा लोकांसाठी खुला झाला आहे. बोटी ठेवायच्या कमानीदार खोल्यांमध्ये आणि किनाऱ्यावर १९८० नंतरच्या उत्खननात सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने ती माणसं तिथे जमली होती. आज समुद्र तिथून बराच लांब आहे, आणि तुम्ही त्या किनाऱ्यावर उभे राहून वर बघता तेव्हा समोर दगडी भिंतीसारखा जो थर दिसतो तो सगळा त्या एका उद्रेकाचा आहे. तुमच्या लेकीला ज्वालामुखी बघायचाय ना? विवराच्या कडेवर तिला एक खड्डा दिसेल. ज्वालामुखीने काय केलं ते इथे दिसेल.

एक दिवस, एकाहत्तरचे सासरे, दहाची मुलगी: मी हर्क्युलेनियम म्हणेन. दोन-अडीच तासांत समाधानाने होतं, घरांच्या आत सावली मिळते. आणि दुपार नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. पाँपेई आणि हर्क्युलेनियममधली उत्तमोत्तम भित्तिचित्रं, मोझेक, कांस्यमूर्ती तिथेच हलवलेल्या आहेत. पाँपेईला जाऊन संग्रहालय न बघणारे मोकळ्या भिंती बघून परत येतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आणि त्या संग्रहालयात आपल्यासाठी एक खास कारण आहे. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना पाँपेईतल्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. घडण पूर्णपणे भारतीय. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं, पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मत मांडलं. डोक्यात भोक आहे, म्हणजे ती एखाद्या फर्निचरचा किंवा आरशाच्या मुठीचा भाग असावी. आता खरी गोष्ट: तिच्याशी फार जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगरचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जात असल्याची नोंद आहे. मूर्तीच्या तळावर खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर आहे म्हणून काही जण तिचं मूळ वायव्येकडे शोधतात, तो वाद चालू आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या मराठी माणसाने नेपल्समध्ये उतरावं आणि ही मूर्ती न बघता परत जावं, हे मला फार लागेल.

कोवळे_ऊन

खापर_आणि_नाणी, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तेर आणि भोकरदन ऐकल्यावर ते उठून बसले. तेरचं संग्रहालय त्यांनी पाहिलंय, तिथली मूर्ती त्यांना आठवते. आता पाँपेईचा हट्ट त्यांनी स्वतःच सोडला आहे. "मूर्ती बघायची, मग सकाळी कुठेही न्या," असं म्हणाले.

काही शंका. संग्रहालय गारिबाल्दीपासून किती लांब आहे? मूर्ती नक्की कुठल्या दालनात असते? आणि किनाऱ्यावरचे सांगाडे दहा वर्षांच्या मुलीला जड जातील का?

तिठा

तुमचा वार कोणता आहे तेही सांगा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

कोवळे_ऊन

बुधवार! आत्ता कॅलेंडर उघडून खात्री केली. तुमचे खूप आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खापर_आणि_नाणी

मूर्ती 'गाबिनेत्तो सेग्रेतो' या दालनात असते. पाँपेईत सापडलेली शृंगारिक चित्रं आणि वस्तू पूर्वी ज्या बंद खोलीत ठेवत, तेच हे दालन. तेव्हा आधी मोठ्यांपैकी एकाने आत जाऊन बघा आणि लेकीला कसं न्यायचं ते ठरवा. तिकीट काढतानाच विचारा, दालन त्या वेळी उघडं आहे का आणि भारतीय हस्तिदंती मूर्ती जागेवर आहे का. ती कधीकधी परदेशी प्रदर्शनांना जाते.

अलेक्झांडरचं प्रसिद्ध मोझेकही याच संग्रहालयात आहे, पण त्याच्या जतनाचं काम २०२१ पासून हाती घेतलेलं आहे. फक्त त्याच्यावर आशा ठेवून जाऊ नका. हर्क्युलेनियमच्या पापिरस-वाड्यातल्या (जिथे पापिरसच्या गुंडाळ्या सापडल्या त्या वाड्यातल्या) कांस्यमूर्ती मात्र चुकवू नका. धावपटूंचे जडवलेले डोळे लेकीच्या कायम लक्षात राहतील.

अंजिरी

सांगाड्यांबद्दल: आमची मुलगी त्याच वयाची होती. आदल्या दिवशी आम्ही तिला सरळ सांगितलं की इथे माणसं गेली, आपण त्यांच्या जागेवर आदराने जातोय. ती घाबरली नाही, गप्प झाली आणि नंतर खूप प्रश्न विचारत राहिली. तुम्ही तिला ओळखता. नको वाटलं तर कमानींजवळ न जाता पुढे निघता येतं.

दुसरं, इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि उत्खननस्थळांवर अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, देश कुठलाही असो. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्टची छायाप्रत ठेवा, कारण बऱ्याच जहाजांवर मूळ पासपोर्ट जहाजाकडेच असतात. मोफत असलं तरी तिच्या नावाचं शून्य रकमेचं तिकीट घ्यावं लागतं, ते मोठ्यांच्या तिकिटांबरोबरच काढा.

आणि सासऱ्यांसाठी महत्त्वाचं. एर्कोलानो स्टेशनपासून स्थळापर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे, दहा मिनिटांचा. येताना तोच चढ, भर दुपारी. चढ सौम्य आहे, पण तुम्ही आधीच दोन-अडीच तास चाललेले असाल. अर्ध्या वाटेत कॉफीसाठी थांबा किंवा बाहेर टॅक्सी दिसली तर तेवढ्यापुरती घ्या.

रेल्वेवेडा

गारिबाल्दीहून संग्रहालय अगदी सोपं. लाइन १ ने गेलात तर शहराला वळसा घालून सहाव्या थांब्यावर म्युझेओ स्टेशन येतं. त्यापेक्षा लाइन २ घ्या, पहिलाच थांबा काव्हूर, बाहेर आलात की संग्रहालय समोरच. परतताना मात्र म्युझेओहून लाइन १: दांते, तोलेदो, म्युनिचिपिओ. तिसऱ्या थांब्यावर उतरलात की बंदर. वेळ उरला तर तोलेदोला उतरून ते स्टेशन बघा, निळ्या मोझेकचं आहे, आणि तिथून उताराने चालत बंदरापर्यंत या. वाटेत गॅलेरिया उम्बेर्तोचं काचेचं छत आणि १७३७ साली उघडलेलं सान कार्लो नाट्यगृह लागतं.

डोलकाठी

व्हिसाचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. तुमचं जहाज ग्रीसहून तुर्कस्तानात जाऊन परत इटलीत येतंय. तुर्कस्तान शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे तुम्ही एकदा शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत येता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे आत्ताच तपासा. एकाच प्रवेशाचा असेल तर नेपल्सला उतरताच येणार नाही. हे पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी: क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. जहाजाचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक बंदर तपासा.

दुसरं घड्याळ. सप्टेंबरात ग्रीस आणि तुर्कस्तानची वेळ एकच असते, इटली त्यांच्या एक तास मागे. जहाजावर आदल्या रात्री घड्याळ बदलायची सूचना येते, पण फोन, मनगटावरचं घड्याळ आणि जहाजाची वेळ जुळतेय का ते उतरण्याआधी दारापाशीच बघून घ्या. परतायची वेळ ही जहाजाच्या घड्याळाची असते.

आणि दैनिक कार्यक्रमाचा जो कागद खोलीत येतो त्यावर बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये हवा. अडचण आली तर जहाजाला कळवायचा तोच मार्ग.

शेवाळी_पायरी

मध्येच घुसतेय. आमचं जहाज मंगळवारी लागतंय आणि वेळ फक्त १ ते ८ अशी आहे. संग्रहालय बंद म्हणजे आम्ही काय करावं? दोघंच आहोत, चालायची सवय आहे. सानसेव्हेरो चॅपेलमधला संगमरवरी बुरख्याचा ख्रिस्त बघायची खूप इच्छा होती.

खापर_आणि_नाणी

सानसेव्हेरो चॅपेलसुद्धा मंगळवारी बंद असतं, माफ करा, वाईट बातमी मलाच द्यावी लागतेय. तुमचा अर्धा दिवस मी सरळ पाँपेईला देईन. चालायची सवय आहे, आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत ते संध्याकाळी ७ पर्यंत उघडं असतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. दुपारी तीनच्या सुमारास सकाळचे गट निघून गेलेले असतात, ऊन कललेलं असतं. पोर्ता मारिना दारातून आत जा, स्टेशनसमोरच आहे. चौक, मग मुख्य रस्ता, व्हेत्तींचं घर, आणि पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लींनी १८६३ मध्ये शोधलेल्या पद्धतीचे प्लास्टरचे साचे. राखेत शरीरांच्या जागी उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून त्यांनी ते घडवले. समोर आलात की पायांचा थकवा विसराल. अॅम्फिथिएटर दुसऱ्या टोकाला आहे, तेवढं सोडलंत तरी चालेल.

पाठीवरची पिशवी ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली ठेवा, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

रेल्वेवेडा

@शेवाळी_पायरी, तुम्हाला मात्र मी सावध करतो. ८ ला जहाज सुटणार म्हणजे साडेसातच्या आसपास दार बंद. संध्याकाळी परतीच्या गाडीत सोरेंतोहून येणारी गर्दी असते, एखादी गाडी रद्द झाली तर पुढची यायला अर्धा तास सहज जातो. पाँपेईहून पाचच्या पुढे थांबू नका. खापर_आणि_नाणी यांना तिथून हलवत नसेल, पण तुम्ही हला.

शेवाळी_पायरी

लक्षात ठेवते. चार चाळीसचा गजर लावणार आणि त्यावर वाद घालणार नाही असं दोघांनी ठरवलंय. दोघांचेही मनापासून आभार.

कोवळे_ऊन

सगळ्यांचं वाचून बेत पुन्हा मांडलाय. कृपया एकदा नजर टाका.

सव्वाआठला बंदराबाहेर. टॅक्सीने पोर्ता नोलाना, सासऱ्यांना बसायला जागा मिळावी म्हणून. नऊच्या आसपासची सोरेंतो गाडी. साडेनऊ-पावणेदहाला हर्क्युलेनियम, तिकिटं आधीच काढलेली. सव्वाबारापर्यंत तिथे. चढाच्या रस्त्यावर कॉफी. एक-सव्वाला गारिबाल्दी, तिथून लाइन २ ने काव्हूर. संग्रहालयाजवळच पिझ्झा. दोन ते चार संग्रहालय, आधी मूर्ती, मग बाकीचं. तोलेदोला उतरून चालत खाली, पाचच्या आत बंदर.

व्हिसा तपासला, एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे. व्हेसुव्हियस आणि काप्री सोडलं. लेकीला आधी वाईट वाटलं, पण त्या वीस मीटरच्या थराबद्दल सांगितल्यावर ती रोज नवीन प्रश्न घेऊन येते. कालचा प्रश्न: एवढा थर माणसांनी हाताने कसा उकरला?

जेवणाचं एक विचारायचंय. सासरे शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

अंजिरी

नेपल्समध्ये त्यांना काहीच अडचण नाही. तिथला सगळ्यात जुन्या पठडीतला पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नसतो, आणि चीजही नसतं. मार्गेरितामध्ये टोमॅटो, मोझरेला आणि तुळस. दोन्ही बिनधास्त मागवा. फक्त दीडच्या सुमारास नावाजलेल्या ठिकाणी रांग असते, तुम्हाला ती परवडणार नाही. आत रिकामं टेबल आणि लाकडाची भट्टी दिसली की बसा. पिझ्झा भट्टीत दीडेक मिनिटातच होतो, वेळ जातो तो फक्त रांगेत.

लेकीला सांगा, अठराव्या शतकात तिथे आधी विहिरी आणि बोगदे खणून खालच्या खाली मूर्ती काढत, मोकळं उत्खनन त्यानंतर बऱ्याच काळाने झालं. ते जुने बोगदे स्थळावर काही जागी अजून दिसतात. तिला शोधायला लावा.

तिठा

बेत उत्तम झालाय, आणि जहाजाच्या सहलीचा आग्रह मी मागे घेतो. एवढी तयारी असेल तर स्वतःच जा. एकच भर: पर्यायी बेतही त्याच कागदावर लिहा. हर्क्युलेनियमहून निघायला एक वाजून गेला, किंवा गाडी रद्द झाली, तर जेवण बसून न करता हातात घेऊन खा, पण संग्रहालय सोडू नका. चौघांनाही आधीच माहीत असलं की काय सोडायचं, तर रस्त्यात उभं राहून चर्चा होत नाही. आणि तीन वाजेपर्यंत शहरात पोचलाच नाहीत तर टॅक्सी करा, त्या दिवशी पैशांकडे बघू नका.

डोलकाठी

बेत पक्का आहे, मी एवढंच बदलेन: संग्रहालयाची तिकिटंही आधी ऑनलाइन काढा, आणि चारच्या पुढे सासऱ्यांना तिथे थांबावंसं वाटलं तर साडेचारपर्यंत थांबू द्या. म्युझेओहून बंदर तीन थांब्यांवर आहे, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. तोलेदोचं चालणं सोडा त्याऐवजी.

खापर_आणि_नाणी

मूर्तीच्या पाठीकडून बघायला त्यांना जरूर सांगा. केसांची वेणी आणि दागिन्यांची घडण मागूनही पूर्ण कोरलेली आहे. तेरच्या मूर्तीशी ताडून बघता येईल असे त्यांच्याकडे जुने फोटो असतील तर फोनमध्ये घेऊन जा. त्यांना काय साम्य वाटलं ते इथे जरूर लिहा, मला खरंच वाचायचं आहे.

कोवळे_ऊन

फोटो आहेत! सासऱ्यांनी जुन्या अल्बममधून काढून आजच मला स्कॅन करायला दिले. तिकिटं दोन्हीकडची रविवारी बसून काढते. संपाची यादी आदल्या सोमवारी बघणार, आणि त्यात काही निघालं तर याच धाग्यावर येऊन विचारेन.